दुसऱ्या मालकाचा ट्रक

1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 हा धुराचा निकष लागू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्याच दिवसापासून बीएस-3 गाड्यांची विक्री आणि नोंदणी थांबली. तिथपासून मार्च 2020 पर्यंत जे ट्रक रस्त्यावर आले ते आता बाजारात जुने म्हणून गणले जातात. हप्ते फिटल्यावर मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याने गाडी काढली आणि ती एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या माणसाकडे आली. अहिल्यानगर जिल्ह्यात असा माणूस घोडेगाव नाही तर नेप्तीच्या बाजारातून कांदा भरतो, सुप्याच्या एमआयडीसीतला माल उचलतो, दिवाळीनंतर उसाला लागतो. त्याच्या आधीच्या ट्रकांत बहुतेक मेकॅनिकल पंप असायचा आणि बिघाड झाला की गावचा फिटर तो खोलून बसायचा. या ट्रकात डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे ईसीएम नावाचा बंद डबा ठरवतो. तो खराब झाला की मालकाला डब्याची किंमत जड जाते हे खरेच. पण गाडी खरोखर अडते ती त्यात प्रोग्रॅम भरण्याच्या परवानगीपाशी. ही परवानगी रास्त दरात स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोचवण्याचे बंधन कंपन्यांवर कायद्यानेच घातले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

डबा बदलणे म्हणजे फक्त चार बोल्ट आणि दोन कपलर असते, तर हा विषयच निघाला नसता. नवा ईसीएम बहुधा कोरा येतो. त्या इंजिनाचा, त्या मॉडेलचा प्रोग्रॅम त्यात भरावा लागतो, चासी नंबर लिहावा लागतो. कॉमन रेल इंजिनातल्या बहुतेक नोझलांवर एक कोड छापलेला असतो. प्रत्येक नोझल तयार होताना थोडे कमी-जास्त डिझेल सोडणारे निघते आणि तो फरक ईसीएमला कळावा म्हणून हा कोड टाकायचा असतो. तो न टाकता गाडी चालवली तर इंजिन खडखडते, धूर येतो, डिझेल जास्त जाते. चोरी रोखणारी यंत्रणा असलेल्या गाडीत चावीची ओळखही नव्याने पटवावी लागते. ही सगळी कामे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून, कंपनीने दिलेल्या लॉगिनवर होतात. त्यामुळे मालकाने डबा रोख पैसे मोजून आणला, तरी तो चालू करण्याची किल्ली दुसऱ्याच्याच हातात राहते.

त्याआधीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो: ईसीएम खरोखर गेला आहे का? चेक लाइट पेटली, गाडी ओढत नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन चालू होत नाही, की पहिला संशय डब्यावर जातो. ट्रकची वीज 24 व्होल्टची, पण सेन्सरांना ईसीएम 5 व्होल्टच देतो. त्या मार्गावरची एखादी वायर चासीला घासून शॉर्ट झाली तर त्याच मार्गावरचे सगळे सेन्सर एकदम चुकीचे आकडे सांगू लागतात, स्कॅनरवर बिघाडाच्या कोडांची रांग उमटते आणि चांगला ईसीएम मेल्यासारखा दिसतो. कपलरमध्ये पाणी शिरून हिरवी पडलेली पिन, सैल अर्थ, अल्टरनेटरचा बिघडलेला रेग्युलेटर यांनीही हेच घडते. निदानाच्या खुणा साध्या आहेत. बॅटरी काढून कॅनच्या, म्हणजे ईसीएम आणि इतर युनिटांमधला संदेश वाहणाऱ्या जोडणीच्या, दोन वायरींमधला रोध मल्टिमीटरने मोजला तर तो 60 ओहमच्या आसपास यावा, कारण दोन टोकांना 120 ओहमचे दोन रोध समांतर जोडलेले असतात. मीटरने 120 दाखवले तर एका टोकाचा संबंध तुटला आहे. सेल्फ मारताना ईसीएमच्या पॉवर आणि अर्थच्या पिनांवर व्होल्टेज किती उतरते हेही असेच तपासता येते. पण कोणती पिन कशाची, कोणत्या मार्गावर कोणते सेन्सर, हे सांगणारा वायरिंगचा नकाशाच वायरमनला मिळत नसेल तर तो अंदाजाने डबा बदलायला सांगणार. मूळ शॉर्ट तसाच राहिला असेल तर नवा डबाही जळतो. म्हणजे माहिती अडवल्याने चुकीच्या दुरुस्त्या वाढतात आणि त्याचा भुर्दंड ज्याची ऐपत सगळ्यांत कमी त्याच्यावर पडतो.

उसाच्या गाड्यांचे एक वेगळे सांगायला हवे. हंगामाआधी बॉडीला खांब, पट्ट्या, वाढीव आधार जोडण्यासाठी चासीवर वेल्डिंग होते. बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीएमचे कपलर न काढता वेल्डिंग केले तर तो प्रवाह अर्थच्या वाटेने ईसीएममध्ये शिरू शकतो. डबा लगेच मरेल असे नाही, महिन्याभरानेही दगा देतो, आणि तेव्हा ऊसतोड ऐन भरात असते. गाडी पाथर्डी किंवा शेवगावच्या शिवारात उभी, अधिकृत सर्व्हिस सेंटर शहरात, मधे टोचनचा खर्च. ऊसवाहतुकीच्या ठेकेदाराने कारखान्याकडून उचल घेऊन ती मुकादमामार्फत तोडणी मजुरांच्या टोळीला दिलेली असते. गाडी थांबली की टोळी थांबते आणि तोडलेला ऊस फडात वाळतो. तोडल्यानंतर साधारण चोवीस तासांत ऊस गाळला जावा असे मानतात, कारण त्यापुढे वजनही घटते आणि साखरेचा उताराही. लॉगिनसाठीची प्रतीक्षा शेतकरी, मजूर आणि वाहतूकदार तिघांच्याही पदरचे घेऊन जाते.

ही मागणी अवास्तव नाही, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे खुल्या बाजारात येऊ न दिल्याने स्वतंत्र गॅरेजे स्पर्धेबाहेर फेकली जातात, हा त्यातला मुख्य निष्कर्ष. बौद्धिक संपदेचा बचाव आयोगाने तेव्हाच फेटाळला. पुढे प्रकरण अपिलांत आणि न्यायालयांत गेले, आणि तो आदेश प्रवासी मोटारींपुरताच होता. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वाहन आणि शेती अवजारे ही क्षेत्रे त्यात घेतली, 24 डिसेंबर 2022 ला पोर्टलही सुरू केले. पाऊल चांगलेच, पण ट्रकवाल्यासाठी वाट चुकलेली आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच सवलत मिळते. स्वतः स्टेअरिंगवर बसणारा मालक त्यात बसेल. दोन ट्रक घेऊन एकावर ड्रायव्हर ठेवणाऱ्याने काय करायचे? म्हणून हा नियम मोटार वाहन कायद्यातच हवा. त्याच्या कलम 110 नुसार वाहनांची रचना आणि देखभाल यांबाबत नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहेच.

आक्षेपांपैकी सर्वांत गंभीर आक्षेप प्रदूषणाचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. प्रोग्रॅम भरण्याची सोय सर्वांना दिली तर धुरातले प्रदूषण कमी करणारी युरियाची यंत्रणा बंद करून देण्याचा धंदा फोफावेल, असे म्हणतात. तो धंदा आजही चालतो, कुलूप असतानाच चालतो. कुलपामुळे अडतो तो सरळमार्गी मिस्त्री. चोरून फाइल बदलणाऱ्याकडे साधने पोचलेलीच आहेत. शिवाय मागणी प्रोग्रॅम बदलण्याची नाही. कंपनीचाच मूळ प्रोग्रॅम, कंपनीच्याच सर्व्हरवरून, त्याच चासी नंबरच्या गाडीत भरता यावा एवढीच ती आहे. अशा प्रत्येक कामाची नोंद राहील, कोणी कोणत्या गाडीत काय भरले ते सापडेल. आजच्या चोरट्या व्यवहारात ते सापडत नाही. परवानगीबाहेर गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कलम 182अ मध्ये आहे. ती लागू करणे हे परिवहन खात्याचे काम. चोरीच्या गाड्यांचे भाग खपतील ही भीतीही रास्त आहे. युरोपीय संघाने 2018 च्या नियमाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, त्यात ट्रकही आले, आणि चावी-कुलपाशी संबंधित कामांसाठी पडताळणी करून मान्यता दिलेल्या मिस्त्रींचीच सोय ठेवली. हा मार्ग आपल्याला सहज घेता येईल. कंपनीने या सेवेचे शुल्क घ्यावे, त्यालाही माझी हरकत नाही. शुल्क जाहीर असावे आणि अधिकृत डीलरला लागते तेवढेच असावे.

जुने ट्रक भंगारात जावेत, ते जगवायचे कशाला, असा एक सूर आहे. पण ईसीएमअभावी उभा राहतो तो बीएस-4 ट्रक. त्याचा मालक धंदा सोडत नाही, तो मेकॅनिकल पंपाची बीएस-3 गाडी शोधतो. तिला ना लॉगिन लागते ना लॅपटॉप, आणि धूर मात्र ती जास्त सोडते. हवा स्वच्छ हवी असेल तर बीएस-4 ची दुरुस्ती सोपी ठेवण्यातच शहाणपण आहे.

राहिला गावच्या मिस्त्रीच्या कौशल्याचा मुद्दा. त्याला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी कॉमन रेलचे पंप आणि नोझल तो कसा शिकला ते पाहावे. मल्टिमीटर धरणाऱ्या वायरमनला नकाशा आणि चार आठवड्यांचे प्रशिक्षण मिळाले तर वर सांगितलेल्या तपासण्या त्याच्या आवाक्यातल्याच आहेत. आयटीआयमध्ये त्यासाठी जागा करता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातच डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 126 नुसार नव्या मॉडेलची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. ब्रेक, धूर, दिवे यांच्या कसोट्यांना उतरल्याशिवाय मॉडेल बाजारात येत नाही. त्याच प्रमाणपत्राला आणखी एक अट जोडावी: वायरिंगचा नकाशा, कोडांचे अर्थ आणि ईसीएममध्ये मूळ प्रोग्रॅम भरण्याची सोय, हे सारे पहिल्या विक्रीच्या दिवसापासून आणि मॉडेल बंद झाल्यावरही किमान 15 वर्षे उपलब्ध राहील. घाई यासाठी की एप्रिल 2020 नंतरचे बीएस-6 ट्रकही आता पहिल्या मालकाच्या हातून सुटू लागले आहेत. त्यांत धुराच्या फिल्टरपासून युरियाच्या मात्रेपर्यंत सारे सॉफ्टवेअरवर चालते, आणि फिल्टर फार भरला तर तो जाळून साफ करण्याची आज्ञासुद्धा बऱ्याच गाड्यांत गॅरेजात स्कॅनरवरूनच द्यावी लागते.