इंजिनाच्या झडपा व त्यांच्या वेळा

विजेच्या व सौर पंपांचा प्रसार झपाट्यानें होत आहे. तरी ज्यांच्या विहिरीवर किंवा नदीकांठीं डिझेल इंजिन अद्याप उभें आहे, असे बागाईतदार थोडे नाहींत. मोटारगाड्यांच्या जाहिरातींत झडपांच्या वेळा आपोआप बदलणाऱ्या इंजिनांची थोरवी वाचून आपलें इंजिन कालबाह्य झालें, असें त्यांपैकीं कोणास वाटल्यास नवल नाहीं. आमच्या मतें हा समज चुकीचा आहे, आणि खरें दुर्लक्ष दुसरीकडेच होत आहे.

चार फेऱ्यांच्या इंजिनांत हवा आंत घेणारी एक आणि धूर बाहेर सोडणारी एक, अशा दोन झडपा असतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमचा एक होतो. मिनिटास 1500 फेरे घेणाऱ्या इंजिनांत प्रत्येक झडप 750 वेळां उघडते. हवेची झडप दट्ट्या तळास पोहोंचतांच मिटत नाहीं. थोडी उशिरां मिटते. भंडारदऱ्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांस याचें कारण सांगावयास नको. दार पाडलें तरी चारींतील पाणी कांहीं वेळ वाहतच राहतें. तशीच वेगांत आलेली हवा सिलिंडरांत शिरत राहते. धुराची झडप त्याच न्यायानें दट्ट्या तळास येण्यापूर्वींच उघडावी लागते.

हा उशीर किती असावा, हें गतीवर अवलंबून आहे. यासाठींच जगांत नाना प्रयोग झाले. अमेरिकेच्या चार्लस् नाइट यानें झडपांऐवजीं सरकत्या बाह्यांचें इंजिन केलें. तें आवाज थोडा करी, पण वंगण फार जाळी. आल्फा रोमिओ कंपनीनें 1980 मध्यें आणि होंडा कंपनीनें 1989 मध्यें झडपांच्या वेळा बदलण्याच्या युक्त्या विक्रीच्या मोटारींत आणल्या. मोटार कधीं मंद, कधीं भरधाव चालते; तिला या युक्तीचा लाभ होतो. पंपाचें इंजिन मात्र गव्हर्नरच्या ताब्यांत सारा दिवस जवळजवळ एकाच गतीनें चालतें. त्या गतीस योग्य वेळ कारखान्यानें एकदां ठरविली कीं काम भागलें. सातारा रोडच्या कूपर कारखान्यानें आणि 1946 मध्यें पुण्यास निघालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनें शेतकऱ्यांस जीं साधीं इंजिनें पुरविलीं, त्यांच्या साधेपणांतच त्यांचा टिकाऊपणा होता.

ठरविलेली वेळ बिघडते ती आपल्या हयगयीनें. टॅपेट व झडप यांमध्यें मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी फट ठेवावी लागते. ती मुळींच न राहिल्यास तापलेली झडप पुरी बसत नाहीं. धुराची झडप आपली उष्णता मुख्यतः बैठकीवाटेच सोडते. ती न टेकल्यास कडा जळून जाते. मग दाब सुटतो, इंजिन सुरू होण्यास कुरकुरतें आणि तेल वाढतें. फट फाजील झाल्यास झडप उशिरां उघडते, लवकर मिटते व खडखडते. दुरुस्तींत दांत्यांवरील खुणा चुकल्या तर हानि याहून मोठी. कॅमच्या चक्रास 60 दांते असल्यास एका दांत्याची चूक म्हणजे क्रँकचे 12 अंश होत. चूक वाढल्यास दट्ट्या झडपेवर आदळूं शकतो. ऐन उन्हाळ्यांत पिकाची एक पाळी हुकली तर काय होतें, हें वाचक जाणतातच.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच. इंजिनाच्या मालकानें फीलर गेज घरीं ठेवावें, कारखान्याच्या पुस्तकांत सांगितलेली फट वेळोवेळीं स्वतः तपासावी, आणि इंजिन खोललें असतां दांत्यांच्या खुणा मिस्त्रीकडून दाखवून घ्याव्या. कारखानदारांनीं फटीचे व वेळांचे आंकडे मराठींत कोरलेली पट्टी प्रत्येक इंजिनावर बसवावी. शेतकरीसंघांनीं ही मागणी एकमुखानें करावी. खातेउतारा वाचतां येणाऱ्या शेतकऱ्यास चार आंकड्यांची पट्टी जड नाहीं. ती त्याच्या डोळ्यांसमोर असली पाहिजे.