व्यवहार एक, खतावण्या अनेक

चाकणमधल्या एका कारखान्याची कल्पना करू. मालकी जर्मनीतल्या कंपनीची. 1 एप्रिलला तिथे एक कोटी रुपयांचे नवे यंत्र सुरू झाले. वर्षअखेरीस त्याचा घसारा किती धरायचा, या साध्या प्रश्नाला लेखा विभागाकडे तीन उत्तरे असतात. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्राचे आयुष्य 15 वर्षे दिले आहे. पाच टक्के अवशिष्ट किंमत वगळून दरवर्षी सारखा घसारा धरला, तर तो सुमारे 6 लाख 33 हजार रुपये होतो. आयकराच्या नियमांत 15 टक्के दर आणि घटत्या शिलकीची पद्धत आहे, म्हणून तिथे पहिल्या वर्षाचा आकडा 15 लाख. मुख्यालयाने आपल्या धोरणात दहा वर्षांचे आयुष्य आणि शून्य अवशिष्ट किंमत धरली असेल, तर 10 लाख. यंत्र एकच, बिल एकच, बँकेतून गेलेली रक्कमही एकच. तरीही तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

हे तीन आकडे सांभाळण्यासाठीच मोठ्या कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये एकाहून अधिक लेजर ठेवण्याची सोय असते. ही सोय नीट समजून न घेता वापरली जाते आणि त्याची किंमत मार्चअखेर लेखा विभागातली माणसे रात्री जागून मोजतात. म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

पहिला घोळ शब्दापासूनच सुरू होतो. टॅलीसारख्या छोट्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या माणसासाठी लेजर म्हणजे एक खाते: भाड्याचे, विजेचे, अमुक व्यापाऱ्याचे. एसएपी किंवा ओरॅकलसारख्या मोठ्या व्यवस्थेत लेजर म्हणजे अशा शेकडो खात्यांची अख्खी खतावणी. तिला स्वतःची तेरीज असते, स्वतःचा ताळेबंद असतो. ग्राहक, पुरवठादार आणि स्थावर-जंगम मालमत्ता यांचे तपशील उपखतावण्यांत राहतात आणि त्यांची बेरीज मुख्य खतावणीत येते. छोट्या व्यवस्थेतून मोठ्या व्यवस्थेत जाणाऱ्या कंपनीने आपल्या माणसांना हा फरक पहिल्याच दिवशी सांगितला पाहिजे.

कल्पना मात्र जुनीच आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्याच्या तीन वह्या सांगितल्या: आधी कच्ची वही, मग कीर्द, मग खतावणी. आपल्याकडेही कीर्द-खतावणी हा जोडशब्दच रूढ आहे. कीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने उतरतो आणि खतावणीत तो आपापल्या खात्याखाली लागतो. आजच्या व्यवस्थेत वाढले आहे ते एवढेच, की एका कीर्दीवरून एकाहून अधिक खतावण्या एकाच वेळी तयार होतात.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. एसएपीमध्ये एक प्रमुख लेजर असते, त्याला लीडिंग लेजर म्हणतात. त्याच्या जोडीला गरजेनुसार इतर लेजर उघडता येतात. नोंद करताना वेगळे काही सांगितले नाही, तर ती सगळ्या लेजरमध्ये जाते. घसाऱ्याचा फरक, तरतुदीचा फरक अशी एखादीच नोंद ठरावीक लेजरपुरती करता येते. 2015 मध्ये आलेल्या एसएपीच्या एस/4हाना या व्यवस्थेत वित्तीय लेखे, खर्चाचे लेखे आणि मालमत्तेचे लेखे यांच्या ओळी एकाच मोठ्या तक्त्यात आल्या. पूर्वी हे विभाग वेगवेगळ्या तक्त्यांत होते आणि महिनाअखेरीला त्यांचा ताळा जमवण्यात दिवस जात. याच व्यवस्थेत एक्स्टेन्शन लेजर नावाचा हलका प्रकारही आहे. त्यात मूळ लेजरच्या नोंदींची नक्कल नसते, फक्त फरकाच्या नोंदी असतात, आणि अहवाल काढताना मूळ आकडे व फरक यांची बेरीज दिसते. मूळ पानावर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखीच ही रचना आहे.

ओरॅकलने हीच गरज वेगळ्या मांडणीतून भागवली. तिथे लेजर चार गोष्टींवरून ठरते: खात्यांची यादी, लेखा-दिनदर्शिका, चलन आणि लेखापद्धती. यांतली एखादी गोष्ट वेगळी हवी असेल, तर मुख्य लेजरला दुय्यम लेजर जोडायचे. फक्त चलन बदलायचे असेल, तर त्याहून हलकी अशी अहवाल-चलनाची सोय पुरते. आपल्या चाकणच्या कारखान्याचे वर्ष एप्रिल ते मार्च आणि मुख्यालयाचे जानेवारी ते डिसेंबर. इथला हिशेब रुपयांत, तिथला युरोत. या चार मुद्द्यांची यादी हातात घेतली, की कुठे वेगळे लेजर हवे आणि कुठे नको, हे बरेचसे स्पष्ट होते.

अनेक खतावण्या म्हटले, की मनात दोन नंबरची वही येते. ती शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. एसएपीमध्ये ग्राहकाची किंवा पुरवठादाराची नोंद एकाच लेजरपुरती करता येत नाही. बिल आले की ते सगळ्या लेजरमध्ये उतरते. वेगळे असू शकते ते मोजमाप: घसारा किती, तरतूद किती, भाडेकराराचे मूल्य किती. म्हणजे घडलेला व्यवहार सर्व खतावण्यांत समान राहतो आणि नियमानुसार बदलते ती त्याची किंमत. दोन नंबरच्या वहीत याच्या उलट होते. तिथे व्यवहारच लपवलेला किंवा रचलेला असतो. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 रोजी हिशेब फुगवल्याची कबुली दिली तेव्हा फुगवलेल्या आकड्यांत रोख आणि बँकशिलकीच्या रकमाच हजारो कोटींच्या होत्या. तिथे प्रश्न मोजमापाच्या पद्धतीचा नव्हता, मुळातली नोंदच खोटी होती. अशा वेळी खतावण्या एक असोत वा दहा, त्या फक्त तो खोटेपणा नीटनेटका मांडून देतात.

म्हणूनच 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमाचे महत्त्व मोठे आहे. कंपनीच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीचा आणि प्रत्येक बदलाचा तारखेसह माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असे हा नियम सांगतो. लेखापरीक्षकालाही आपल्या अहवालात त्याविषयी लिहावे लागते. समांतर लेजरमधल्या नोंदींना हा माग विशेष गरजेचा आहे, कारण ठरावीक लेजरपुरती केलेली नोंद रोजच्या नजरेआड राहू शकते.

मग दोन खतावण्यांमधला फरक जातो कुठे? तो ताळेबंदात परत येतो. आपल्या यंत्रावर कंपनी कायद्याप्रमाणे घसारा 6 लाख 33 हजार आणि आयकराप्रमाणे 15 लाख, म्हणजे फरक सुमारे 8 लाख 67 हजारांचा. 25.168 टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीचा त्यावरचा कर सुमारे 2 लाख 18 हजार होतो. एवढा कर यंदा कमी भरला जाईल, पण तो माफ झालेला नाही, पुढे ढकलला गेला आहे. म्हणून डिफर्ड टॅक्स या नावाखाली ताळेबंदात ते देणे दाखवावे लागते. पुढच्या वर्षांत आयकराचा घसारा घटत जातो आणि कधीतरी कंपनीच्या घसाऱ्याहून कमी होतो, तेव्हा हे देणे फिटू लागते. यंत्र विकून त्याचा हिशेब पूर्ण मिटल्यावर सगळ्या खतावण्यांत त्यावरचा एकूण खर्च सारखाच निघतो. खतावण्यांचे मतभेद बहुतांशी ‘किती’चे नसून ‘कधी’चे असतात. ही एक गोष्ट समजली, तरी या विषयाची निम्मी भीती जाते.

प्रत्येक फरकासाठी नवे लेजर हवेच असे नाही. एकाच लेजरमध्ये फरकासाठी वेगळी खाती उघडून, अहवालात त्यातली लागणारी तेवढी घेण्याची जुनी पद्धतही आहे. फरक मोजके असतील तर ती पुरते आणि स्वस्त पडते. फरक वाढले, की खात्यांची यादी फुगते आणि अहवालात चुकीचे खाते शिरण्याचा धोका वाढतो. उलट लेजर वाढवली, तर महिनाअखेरीची कामे त्या पटीत वाढतात: प्रत्येकाचे परकीय चलनाचे पुनर्मूल्यांकन, प्रत्येकाची घसारा-नोंद, प्रत्येकाची तपासणी. एकदा वापरात आलेले लेजर काढून टाकणेही सोपे नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे. लेजर किती असावीत, हा निर्णय सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याचा नाही, लेख्यांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांचा आहे. लेजर उघडण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत: याचे आकडे कोण वाचणार, कोणत्या नियमाने ते वेगळे होणार आणि फरकाचा हिशेब दरमहा कोण देणार. तिसऱ्या प्रश्नापुढे एका माणसाचे नाव लिहिता येत नसेल, तर ते लेजर उघडू नये. आणि फरकाचे पत्रक वर्षअखेरीसाठी राखून ठेवू नये, ते दर महिन्याला तयार व्हावे. बारा महिन्यांचे साचलेले फरक मार्चमध्ये उकलणे हे कुणाच्याही आवाक्याबाहेरचे काम आहे, आणि ते ज्यांच्या माथी येते ते बहुधा विभागातले सर्वांत तरुण, सर्वांत कमी अधिकार असलेले कर्मचारी असतात.

चाकणच्या त्या कारखान्यात उद्या आयकर अधिकारी, लेखापरीक्षक आणि जर्मन मुख्यालयाचा प्रतिनिधी एकाच टेबलाशी बसले, तर तिघांपुढे तीन वेगळे आकडे असतील. लेखापालाजवळ एका आकड्यावरून दुसऱ्याकडे नेणारे एकपानी पत्रक असेल, तर तिघांनाही पटेल की हिशेब एकाच यंत्राचा आहे. खतावण्या कितीही असोत, त्या पानाची तयारी हीच लेखा विभागाची खरी कसोटी आहे.