पेशी सर्वांच्या, औषध कोणाचे?

स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे एरिथ्रोपोएटिन आणि हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणारे टीपीए ही औषधे वरकरणी एकमेकांच्या नात्यातली नाहीत. तरीही त्यांचा कारखाना एकच आहे. चिनी हॅम्स्टर या मुठीत मावेल अशा उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून १९५७ साली काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत आजतागायत वाढत आल्या आहेत. अशा अखंड परंपरेला पेशीवंश म्हणतात. जनुक-तंत्राने बनविलेल्या प्रथिनरूप औषधांपैकी बहुसंख्य आज याच वंशाच्या पेशींत तयार होतात. आमच्या कार्यकर्त्यांना हा विषय शास्त्रज्ञांवर सोपवावा असा वाटण्याचा संभव आहे. परंतु उत्पादनाचे साधन कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न जेथे उभा राहतो तेथे समाजवाद्याला तोंड फिरविता येत नाही.

या पेशींचा इतिहास एखाद्या कादंबरीला शोभावा असा आहे. पेकिंगमधील डॉक्टरांनी १९१९ साली न्युमोनियाच्या जंतूंचे प्रकार ओळखण्यासाठी नेहमीच्या पांढऱ्या उंदरांऐवजी शेतातले हे हॅम्स्टर वापरले. पुढे १९४८ च्या अखेरीस, चीनमधील यादवी युद्धाचा निकाल दिसू लागला असता, सी. एच. हू या चिनी वैद्यकतज्ज्ञाने दहा नर व दहा माद्या रॉकफेलर फाउंडेशनच्या रॉबर्ट ब्रिग्ज वॉटसन यांच्या हवाली केल्या. वॉटसन यांनी ती पेटी शांघायहून विमानाने अमेरिकेत पोचविली. अमेरिकेच्या जंतुयुद्धाला साह्य केल्याचा आरोप नंतर चीनमध्ये हू यांच्यावर आला. वीस हॅम्स्टरांची पेटी परक्याच्या हाती देणे म्हणजे देशद्रोह असे मानणारी राजवट स्वतःला कामगारांची म्हणवीत होती, हेही येथे नोंदवून ठेवावे.

अमेरिकेत या प्राण्यांची पैदास झाली. त्यांच्या पेशींत गुणसूत्रे अवघी बावीस असल्यामुळे आनुवंशिकीच्या अभ्यासकांना ती मोजणे सोपे गेले. कोलोरॅडो विद्यापीठातील थिओडोर पक यांनी एका मादीच्या अंडाशयातील पेशी काचपात्रात वाढविल्या. त्या चिवट निघाल्या आणि भराभर वाढू लागल्या. पक यांनी त्यांचे पेटंट घेतले नाही. मागणाऱ्या प्रयोगशाळांना त्या मिळत गेल्या, आणि वीसेक वर्षे या पेशी गावच्या गायरानासारख्या राहिल्या : ज्याला गुरे चारायची त्याने चारावी.

गायरानाला कुंपण पडू लागले ते १९८० साली. त्या वर्षी आनंद चक्रवर्ती यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मानवनिर्मित जिवाणूवर पेटंट देता येते असा निर्णय दिला. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे पेटंट विद्यापीठांनी घ्यावे असा कायदाही त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने केला. सस्तन प्राण्याच्या पेशीत परके जनुक घालण्याच्या पद्धतीवर कोलंबिया विद्यापीठाने पेटंटसाठी अर्ज केला तोही त्याच वर्षी. हे संशोधन सार्वजनिक अनुदानावर झाले होते. त्या पेटंटांपासून विद्यापीठाला सुमारे ७९ कोटी डॉलर मिळाले. २००० साली मुदत संपत आली तेव्हा विद्यापीठाने ती वाढवून मिळावी म्हणून काँग्रेसमध्ये खटपट केली. ती फसल्यावर २००२ साली त्याच कुळातले एक नवे पेटंट पदरात पाडून घेतले. औषधकंपन्या न्यायालयात गेल्या, आणि २००४ साली ते पेटंट त्यांच्यावर न बजावण्याची हमी विद्यापीठाला द्यावी लागली. ज्ञानदानाचे व्रत घेतलेली संस्था जमीनदाराच्या भूमिकेत शिरली की ती खऱ्या जमीनदारालाही मागे टाकते.

आता अर्थशास्त्राकडे वळू. एखाद्या उद्योगात उत्पादकता वाढली आणि स्पर्धा असली तर किंमत उतरते, असे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकविले. १९८०च्या दशकाच्या मध्यास एक लिटर द्रवातून या पेशी पन्नासेक मिलिग्रॅम प्रथिन देत. २००४च्या सुमारास उत्तम पेशीवंशांचे उत्पन्न लिटरला काही ग्रॅमवर गेले होते. म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ शंभरपट वाढ. शेतीत अशी वाढ झाली असती तर धान्याचे भाव कोसळले असते. येथे मात्र प्रत्येक नवे औषध आधीच्यापेक्षा महाग होऊन बाजारात आले. कंपन्यांना चाचण्यांवर मोठा खर्च करावा लागतो हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या खर्चाने शंभरपटीचा हिशेब पुरा होत नाही.

भारतातील दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे गुपित उलगडते. मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगावरील गोळ्यांसाठी सक्तीचा परवाना देण्यात आला. महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून नऊ हजारांच्या आत आला. ट्रास्टुझुमॅबच्या बाबतीत रोश कंपनीने २०१३ साली भारतातील पेटंट सोडूनच दिले. पुढच्याच वर्षी बंगलोरच्या बायोकॉनने आपले औषध आणले, तेव्हा त्याची किंमत मूळ औषधापेक्षा साधारण पाव हिस्स्यानेच कमी होती. स्पर्धक वाढल्यावर ती आणखी उतरली, पण सोराफेनिबसारखी पडझड झाली नाही. पेटंट नसतानाही रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. चाचण्या अपुऱ्या आहेत, सबब हे औषध आमच्यासारखेच आहे असे म्हणता येणार नाही, असा तिचा दावा होता.

साध्या रासायनिक औषधाचा रेणू कोणताही जाणकार रसायनज्ञ हुबेहूब बनवू शकतो. १९७०च्या पेटंट कायद्याने उत्पादनावरील पेटंट नाकारले तेव्हा आमचे औषधउद्योग उभे राहिले ते त्याच बळावर. प्रथिनाचे तसे नसते. त्यावर कोणत्या शर्करासाखळ्या चढतात ते पेशीवर आणि तिला वाढविण्याच्या रीतीवर अवलंबून असते. मूळ कंपनीने निवडलेली पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून कडीकुलपात ठेवलेली असते. दुसऱ्याला शून्यापासून आपला पेशीवंश घडवावा लागतो, आणि मग तो मूळ औषधाच्या तोडीचा आहे हे महागड्या चाचण्यांनी सिद्ध करावे लागते. पेटंटाला निदान मुदत असते. या कुलपाला ती नाही. केवळ पेटंट कायद्याविरुद्ध घोषणा देणाऱ्या आमच्या मित्रांनी हे नीट समजून घ्यावे.

यावर उपाय आहे आणि त्याचे अर्धे सामान पुण्यातच आहे. सूक्ष्मजीवांशी संबंधित पेटंट मागणाऱ्याने नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा, असा १९७७चा बुडापेस्ट करार आहे. भारत २००१ पासून त्याचा सदस्य आहे. असा एक संग्रह २०११ पासून पुण्यात आहे, आणि संशोधकांना पेशीवंश पुरविणारे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रही तेथेच आहे. हे तत्त्व एक पाऊल पुढे न्यावे. विक्रीचा परवाना मागणाऱ्या प्रत्येक कंपनीने औषध बनविणाऱ्या पेशींचा नमुना व कृती सरकारी संग्रहात जमा करावी, आणि पेटंटाची मुदत संपताच ती कोणाही लायक उत्पादकाला खुली व्हावी. त्या उत्पादकांत सार्वजनिक क्षेत्रही असले पाहिजे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यासाठी. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची जादा जमीन विकण्यास आणि पुढे कंपनीच विक्रीस काढण्यास मान्यता दिली. पुणे जिल्ह्यातील आमच्या शाखांनी या दोन मागण्या एकत्र मांडाव्यात, आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संघटनांना बरोबर घेऊन त्या आपल्या खासदारांसमोर ठेवाव्यात.