मोडक्या मोटारींतलें अरण्य

अलीकडे एका कलेचा बोलबाला फार आहे. भंगारांत निघालेली मोटार आणावी, इंजिनाच्या जागीं माती भरावी, खिडक्यांतून वेली सोडाव्या आणि त्या वस्तूस 'पर्यावरणकला' म्हणून चौकांत मांडावें. शहरांत हा खेळ चालला असता तर आम्ही बोललों नसतों. परंतु मुलचेऱ्यासही अशी शोभा हवी, असें म्हणणारे एक सुविद्य गृहस्थ आम्हांस भेटले, तेव्हां गप्प बसवेना.

मुलचेरा तालुका गडचिरोली जिल्ह्यांतला. या जिल्ह्याच्या निम्म्याहून कितीतरी अधिक भूमीवर अरण्य आहे. आलापल्लीच्या जुन्या सागवनाचा राखलेला तुकडा तर २०१४ सालीं जैवविविधता वारसास्थळ ठरला. अशा ठिकाणीं जीपच्या टपावर वेल चढवून निसर्गप्रेम शिकविणें म्हणजे प्राणहितेकांठच्या माणसास पाण्याची सुरई दाखविणें होय.

या कलाप्रकारांत अर्थच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. जोसेफ बॉइस या जर्मन कलावंतानें १९८२ सालीं कासेल शहरांत सात हजार झाडें लावण्याचें काम आरंभिलें. प्रत्येक झाडाशेजारीं बसाल्टचा एक दगड. १९८६ सालीं तो वारला, तरी पुढल्या वर्षीं काम पुरें झालें. झाड वाढतें, दगड तेवढाच राहतो. याहून निराळें भाष्य लागत नाहीं. बँकॉकमध्यें २०२१ सालीं साथीमुळें गिऱ्हाईक तुटलें, तेव्हां पडून राहिलेल्या टॅक्सींच्या टपांवर बांबूच्या चौकटी करून भाजीपाला लावला गेला आणि तो चालकांच्या पोटीं लागला. पहिल्या कामांत झाड खरें होतें, दुसऱ्यांत भूक खरी होती.

"टाकाऊ वस्तूचें सोनें होतें," असें ते गृहस्थ म्हणाले. होत नाहीं. शेजारच्या एटापल्ली तालुक्यांत सुरजागडच्या डोंगरांतून लोहखनिज काढलें जातें. जुनें लोखंड वितळवून पुन्हा पोलाद करतां येतें, आणि तितकें नवें खनिज खणावें लागत नाहीं. म्हणजे मोडक्या मोटारीची योग्य जागा भट्टी होय. ती चौकांत कुंडी म्हणून गंजत ठेवणारा मनुष्य डोंगराचें लोखंड अडवून धरतो, आणि वर निसर्गरक्षक म्हणून मिरवतो!

ज्यास मुलचेऱ्यांत कला करावयाची असेल त्यानें मोटार भट्टीकडे धाडावी, मोहाचें एक रोप लावावें आणि तीन उन्हाळे त्यास पाणी घालावें. उद्घाटनास कोणी येणार नाहीं. सावलीस मात्र पुष्कळ येतील.