निदान विचारा तरी!

आमच्या नणंदेची मुलगी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिक्षणासाठी आमच्याकडेच असते. मागच्या आठवड्यात रात्री ओटा आवरून बाहेर आले, तर ही फाइल पुढ्यात घेऊन रडकुंडीला आलेली.

"मामी, उद्या केअर प्लॅन दाखवायचाय आणि नर्सिंग डायग्नोसिस सुचत नाहीये."

मी बीए मराठीवाली. निदान डॉक्टरांनी करायचं, एवढंच मला ठाऊक. तसं म्हटल्यावर तिने मलाच शिकवायला घेतलं. मांडीचं हाड मोडलंय, हे डॉक्टरांचं निदान. पण त्यामुळे त्या माणसाचं काय काय अडलंय आणि त्यातलं नर्सला काय सोडवता येईल, हे नर्सचं निदान. लिहायची रीतही ठरलेली. त्रास कोणता, कशामुळे आणि तो आहे हे कशावरून. अमेरिकेत १९७३ साली सेंट लुईसला परिषद भरवून परिचारिकांनी या निदानांची नावं ठरवायला घेतली. पुढे त्यातून 'नांदा' ही संस्था उभी राहिली. तिची यादी आज अनेक देशांत वापरतात.

हिच्या वाट्याला आलेल्या पेशंट म्हणजे सत्तरीच्या एक आजी. पाय ट्रॅक्शनला, वजन टांगलेलं, ऑपरेशनची वाट बघणं चाललेलं. फाइलीत हिने तीन निदानं लिहिली होती. वेदना, चिंता आणि माहितीचा अभाव. सीनियरच्या फाइलीतून उतरवलेली! चुकीचं एकही नव्हतं बरं का. पण ती गावातल्या कुठल्याही आजीला लागू पडली असती.

"आजी खातात-पितात का नीट?" मी सहज विचारलं.

"पाणीच पीत नाहीत. सांगून सांगून दमले."

"का पीत नाहीत?"

ही गप्प. विचारलंच नव्हतं.

"जवळ कोण असतं?"

"मुलगा."

झालं! बचत गटाच्या बायकांबरोबर दवाखान्यात माझ्या खेपा होतात, त्यामुळे बाईमाणूस पाणी का टाळतं हे मी पाहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी हिने आजींना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "पोराला भांडं लाव कसं म्हणू गं बाई?" सिस्टर एकटी आणि वॉर्ड भरलेला, तिला तरी कितीदा हाक मारणार? चार दिवस पोट साफ नव्हतं. तोंड कोरडं, लघवी गडद. माकडहाडापाशी कातडी लाल झालेली आणि दाबून सोडली तरी पांढरी न पडणारी. म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवातच. हे सगळं एका संकोचापायी आणि एका न विचारलेल्या प्रश्नापायी.

मी या मुलींना दोष देत नाही. इतके केअर प्लॅन पूर्ण करा म्हटलं की त्या उतरवणारच. तपासणारेही रकाने भरलेत का एवढंच बघत असतील, तर मुलींनी पेशंटजवळ बसावं कशाला? त्यात फाइल इंग्रजीत. आजी म्हणतात "जीव कासावीस होतो", आणि कागदावर येते नुसती 'अँक्झायटी'. पेशंटचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहायचं, असं शिकवतात म्हणे. मग तेवढा रकाना मराठीत लिहू द्यायला काय हरकत आहे?

रात्री तिने नवीन यादी केली. आधी वेदना, मग कातडी, मग बद्धकोष्ठ, आणि पाणी कमी पडण्याचा धोका. अजून न झालेल्या त्रासाला 'धोका' म्हणायचं आणि त्याची फक्त कारणं द्यायची, असा नियम. मला वाटलं पाणी आधी हवं.

"नाही मामी, दुखणं कमी झाल्याशिवाय त्या कंबर उचलूच देणार नाहीत. मग भांडं लावणार कसं नि पाठ बघणार कशी?"

मी आपली गप्प बसले.

आजींची सून शेतमजुरीला जाते. तिने दोन दिवसांचा रोज बुडवला आणि सासूजवळ थांबली. पोर ड्युटीवर असली की भांडं तीच लावते. शुक्रवारी मूल्यमापनाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, "आजी स्वतःहून पाणी मागून प्यायल्या. लाली थोडी कमी." आणि खाली, मराठीतच, आजींचं वाक्य, "आता तांब्या उशाशी ठेव."