वाटेवरची चूल आणि घरातील वडीलधारी माणसे



परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात, पूर्णा–नांदेड लोहमार्गावर चुडावा हे गाव आहे. तेथून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे शहात्तर वर्षांचे सासरे अनेक वर्षे दिंडीबरोबर पायी पंढरपुरास जातात. गेल्या आषाढात एका मुक्कामी पावसाची झड लागली, म्हणून ताडपत्री चारही बाजूंनी खाली सोडून आत कोळशाची शेगडी पेटती ठेवली होती. पहाटे सासऱ्यांचे डोके ठणकत होते, मळमळत होते, पाय लटपटत होते. त्याच ताडपत्रीखाली निजलेल्या आणखी दोघांचीही तीच गत होती. मोकळ्या हवेत तासभर बसल्यावर सर्वांनाच बरे वाटले. घरी मात्र निष्कर्ष निघाला तो असा: ‘आता वय झाले, वारी पुरे.’ सासऱ्यांनी त्या दिवसापासून वारीचा विषय काढलेला नाही. सूनबाई विचारतात, ‘त्यांना पाठवावे का? आणि पाठवायचे तर सोबत कोणता स्टोव्ह द्यावा?’

पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे. परंतु तिघांना एकाच वेळी तोच त्रास व्हावा आणि मोकळ्या हवेत तो ओसरावा, हे लक्षण वार्धक्याचे नाही. संशय प्रथम शेगडीवर घ्यावयास हवा. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूला धरून ठेवते, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. लालबुंद निखाऱ्यांतून धूर निघत नाही, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण हा वायू निखाऱ्यांतूनच भरपूर निघतो. भिजलेली ताडपत्री तर हवा जवळजवळ कोंडूनच टाकते. हृदयविकार किंवा दमा असलेल्या वृद्धांना याचा फटका आधी बसतो, आणि झोपेत असलेल्याला जागही येत नाही. म्हणून पहिला नियम निरपवाद समजावा: तंबूत, ताडपत्रीखाली किंवा बंद वाहनात कोणतीही ज्योत पेटती ठेवून निजू नये. ऊब हवी असेल तर कांबळे, कानटोपी आणि कोरडे कपडे द्यावेत.

आता इंधनाचा विचार करू. दिंडीत सामुदायिक स्वयंपाक असतोच. मग वृद्धासाठी वेगळा स्टोव्ह कशाला? पहाटे कोमट पाणी, गोळीआधीचा चहा, दात नसलेल्यांसाठी मऊ भात किंवा पेज, आणि मधुमेही व्यक्तीला पंगतीची वाट न पाहता वेळेवर चार घास, इतक्यासाठीच. गरज एवढी लहान आहे हे ध्यानी घेतले की निवड सोपी होते.

सरपणाची तीन दगडांची चूल फुकटची खरी, पण तिचा धूर दमेकऱ्याच्या छातीला सोसत नाही आणि पावसात ओले लाकूड अधिकच धुमसते. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह एके काळी प्रत्येक बिऱ्हाडात होता. त्याला पिन मारणे, हवा भरणे, भडका आवरणे ही कामे थरथरत्या हातांची नव्हेत; शिवाय रेशनचे रॉकेलही आता दुर्मिळ झाले आहे. स्पिरिटचा दिवा हलका असतो, परंतु त्याची ज्योत उन्हात दिसतच नाही. विझला असे समजून कोणी त्यात पुन्हा स्पिरिट ओतले की भडका उडतो. दृष्टी मंदावलेल्या माणसाच्या हाती तो देऊ नये.

ब्यूटेनच्या छोट्या डब्यावर चालणारा चपटा स्टोव्ह एक-दोन दिवसांच्या मुक्कामास सोयीचा आहे. तो बुटका आणि स्थिर असतो. त्याचा एक डबा साधारण सव्वादोनशे ग्रॅमचा. एक लिटर पाणी उकळण्यास सुमारे पंधरा ग्रॅम वायू लागतो, वारा असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. म्हणजे एका डब्यात फार तर पंधरा लिटर पाणी उकळेल. त्यावर रुंद तवा ठेवू नये, कारण तव्याची धग शेजारच्या डब्यावर जाते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत असे डबे ठेवणे तर सर्वथा टाळावे. पन्नास अंशांपुढील उष्णता त्यांना धोक्याची असते.

दोन-तीन आठवड्यांच्या वारीसाठी, सामान वाहणारे वाहन दिंडीबरोबर असेल तर, तेल कंपनीचे अधिकृत ५ किलोचे सिलिंडर सर्वांत बरे. ते अधिकृत विक्रेत्याकडे ओळखपत्र दाखवून मिळते. चौघांचा चहा, गरम पाणी आणि एक वेळचा मऊ भात यांस दिवसाला दीडशे ग्रॅम वायू धरला, तरी ते महिनाभर पुरते. बाजारात कुठेही भरून मिळणारी अनधिकृत छोटी टाकी मात्र घेऊ नये. सिलिंडर घेताना वरच्या कड्याजवळील पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचे दोन अंक पाहावेत. अक्षर वर्षाची तिमाही दाखवते: ए म्हणजे मार्चअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. ही चाचणीची मुदत उलटून गेली असेल तर ते सिलिंडर परत करावे.

अशा सिलिंडरच्या डोक्यावरच बर्नर बसवण्याची रीत आहे. त्यावर पातेले ठेवले की सारा डोलारा उंच होतो आणि धोतराच्या किंवा लुगड्याच्या टोकाने सहज कलंडतो. त्याऐवजी रेग्युलेटर, आयएसआय चिन्हाची नळी आणि रुंद बैठकीची एका बर्नरची शेगडी घ्यावी. सिलिंडर नेहमी उभे ठेवावे. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा करावा तो शेगडीपुरता. सिलिंडर त्या आडोशाच्या आत घेऊ नये. गुडघे दुखणाऱ्यांना उकिडवे बसून उकळते पाणी उतरवणे जड जाते, म्हणून शेगडी एखाद्या भक्कम पेटीवर मांडावी आणि भांडे उतरवण्याचे काम तरुण हातांनी करावे. सोबत कोणी घरी वापरण्याचे ऑक्सिजन यंत्र बाळगत असेल, तर ज्योत त्यापासून किमान तीन मीटर दूर असावी.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वयाबरोबर घ्राणशक्ती क्षीण होते. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, पण सत्तरी ओलांडलेल्या अनेकांना तो जाणवतच नाही. म्हणून ‘वास येत नाही ना?’ एवढे आजोबांना विचारून भागणार नाही. दररोज जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे पाहावे. हा वायू हवेहून जड असल्याने खोलगट जागी साचतो, म्हणून सिलिंडर खड्ड्याजवळ किंवा झाकलेल्या वाहनात ठेवून तेथे कोणी निजू नये. गळती दिसल्यास काडी ओढू नये, विजेच्या बटणास हात लावू नये, सर्वांनी दूर व्हावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नये. जखम मोठी असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांचे पाय शेकण्यापूर्वी पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने पाहावे.

परतीच्या प्रवासाविषयी एक इशारा. चुडाव्याचे वारकरी परतताना रेल्वेने येत असतील, तर सिलिंडर, रॉकेल किंवा डबे सोबत घेऊ नयेत. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १६४ व्या कलमानुसार असे धोकादायक पदार्थ नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याहून मोठे कारण पुढे आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेच्या डब्यात प्रवाशांनी आत नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ यात्रेकरू दगावले. सिलिंडर ‘रिकामे’ झाले तरी त्यात थोडा वायू उरतोच. ते दिंडीच्या वाहनातूनच परत यावे.

भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. सासऱ्यांना प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. छाती, हृदय आणि रक्तदाब तपासून घ्यावा आणि गेल्या वर्षीचा शेगडीचा प्रसंग सविस्तर सांगावा. चालण्यास हरकत नाही असे डॉक्टरांनी म्हटले, तर वारी सोडण्याचे कारण मला दिसत नाही. ताडपत्रीच्या दोन बाजू रात्री उघड्या ठेवण्याची जबाबदारी दिंडीतील एखाद्या तरुणाच्या नावे लावून द्यावी. गेल्या वर्षी त्या ताडपत्रीखाली निजलेल्या अन्य दोघांच्या घरीही हे कळवावे. कदाचित तेथेही कोणी वारीचा विषय काढणे सोडून दिले असेल.

आज संध्याकाळी सासऱ्यांजवळ बसून आपणच तो विषय काढा.