खिडक्या बदलायच्या आहेत? अनुदान कशाला मिळते, आणि जयपूरच्या उन्हात कोणती खिडकी उपयोगाची

थोडक्यात

• घराच्या जुन्या खिडक्या काढून ऊर्जाबचतीच्या नव्या बसवण्यासाठी प्रधानमंत्री आवास योजनेत किंवा पीएम सूर्यघर योजनेत वेगळे अनुदान नाही.
• घर नव्याने बांधत असाल, तर खिडकीचा निर्णय लिंटल भरण्याआधी घ्या. नंतर तोच निर्णय महागात पडतो.
• घर जुने असेल तर खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी बाहेरची सावली, मग हवेची वाट, मग फटी आणि शेवटी काच.

हा प्रश्न आत्ताच का येतो आहे?

२५ मे २०२४ रोजी राजस्थानातील फलोदी येथे तापमान ५० अंश सेल्सिअसवर गेले. त्या आठवड्यात जयपूरसह राज्याचा मोठा भाग होरपळत होता. त्यानंतरच्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. उन्हाळा वाढतो आहे आणि एसी थोडा स्वस्त झाला आहे, त्यामुळे अनेक कुटुंबे एसी घेण्याचा विचार करत आहेत. एसी घेताना खिडक्याही बदलून घ्या, असे दुकानदार सुचवतो. ‘सरकारी सबसिडी मिळते’ हे वाक्यही त्यासोबत कधी कधी येते.

त्यात आणखी एक गोंधळ आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या अनेक चित्रफिती अमेरिकेतल्या आहेत. तिथे ऊर्जाबचतीच्या खिडक्यांवर खर्चाच्या ३० टक्के, पण जास्तीत जास्त ६०० डॉलर, एवढी प्राप्तिकरात सूट होती. ती सूटही ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या खिडक्यांपुरतीच होती. भारतातील लाभार्थ्याचा त्या सवलतीशी काहीही संबंध नाही.

मग आपल्या योजनांत पैसा कशासाठी आहे?

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. ज्या कुटुंबाचे देशात कुठेही पक्के घर नाही, अशा कुटुंबासाठी ती आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी ३ लाख, अल्प उत्पन्न गटासाठी ६ लाख आणि मध्यम उत्पन्न गटासाठी ९ लाख रुपये आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणे, परवडणारे घर घेणे, भाड्याचे घर आणि गृहकर्जावरील व्याज अनुदान असे तिचे चार भाग आहेत. ग्रामीण योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. दोन्ही योजनांतला पैसा घरासाठी आहे. आधीच्या पक्क्या घराच्या खिडक्या बदलणे त्यात बसत नाही.

पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. ते छतावरच्या सौर संचासाठी आहे, खिडकीसाठी नाही.

म्हणून ‘खिडकीचे अनुदान मिळवून देतो’ असे सांगून कोणी आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील, ओटीपी किंवा नोंदणी शुल्क मागत असेल, तर काहीही देऊ नका. आधी नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात विचारा.

अनुदान नाही, तरी खिडकी महत्त्वाची का?

कारण तिचा परिणाम वीजबिलावर होतो. राजस्थानात २०२३ पासून घरगुती ग्राहकांना महिन्याला १०० युनिटांपर्यंत मोफत विजेची योजना सुरू झाली. असा लाभ घेणाऱ्या घराचा हिशेब पाहा. साधारण २०० वॉटचा कूलर रोज १० तास चालला तर महिन्याला सुमारे ६० युनिटे लागतात. दीड टनाचा एसी सुमारे १५०० वॉट घेतो. तो रोज ६ तास पूर्ण ताकदीने चालला तर महिन्याला २७० युनिटे होतात. कॉम्प्रेसर थांबत-चालत असल्याने प्रत्यक्ष आकडा कमी येतो, तरी १०० युनिटांची रेघ ओलांडली जातेच. खोली कूलर-पंख्यावर भागेल इतकी थंड राहिली, तर वाचणारी रक्कम मोठी आहे.

खोली तापते कशी, हेही समजून घ्यावे. एकमजली घरात सर्वांत जास्त उष्णता छतातून येते. छताला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग देणे हे खिडकी बदलण्यापेक्षा स्वस्त आहे, म्हणून ते आधी करा. त्यानंतर पश्चिमेची खिडकी बघा. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास ऊन तिरपे होऊन थेट पश्चिमेच्या काचेवर येते. चार फूट बाय चार फुटांच्या साध्या काचेतून अशा वेळी अर्ध्या किलोवॉटच्या हीटरइतकी उष्णता सहज आत येते.

पहिली गोष्ट: सावली बाहेरून

आतला जाड पडदा डोळ्यांना बरा वाटतो, पण तोवर ऊन काच ओलांडून आत आलेले असते. काचेच्या बाहेर अडवलेले ऊन घरात शिरतच नाही. जयपूरचा हवा महाल १७९९ मध्ये सवाई प्रताप सिंह यांनी बांधला. त्याच्या ९५३ लहान खिडक्या आणि नक्षीदार जाळ्या ऊन तोडतात आणि वारा आत सोडतात.

घरासाठी दिशेप्रमाणे उपाय असा:

• दक्षिण: उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. हिवाळ्यात सूर्य खाली येतो आणि हेच ऊन हवेसे असते. म्हणून दक्षिणेला गडद काच लावू नका.
• पश्चिम आणि पूर्व: ऊन आडवे येते, त्याला छज्जा पुरत नाही. बांबूचा पडदा, हिरवी शेडनेट, उभी जाळी किंवा बाहेर उघडणारी लाकडी झडप लावा. कोरड्या महिन्यांत वाळ्याचा पडदा ओला ठेवला तर हवाही गार येते.
• उत्तर: उन्हाचा त्रास सर्वांत कमी. उजेडासाठी मोठी खिडकी इथे ठेवा.

दुसरी गोष्ट: खिडकी किती उघडते?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. ती ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आहे, त्यामुळे लाभार्थ्याच्या लहान घरावर तिचे बंधन नाही. पण तिचा एक हिशेब कोणालाही वापरता येतो. जयपूर आणि नागपूर दोन्ही संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात येतात. या पट्ट्यात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १२.५ टक्के जागा बाहेरच्या हवेसाठी उघडणारी असावी, असे संहिता सांगते. मुंबईसारख्या दमट पट्ट्यात हे प्रमाण १६.६६ टक्के आहे.

१० बाय १० फुटांच्या खोलीला हा हिशेब लावा. चटई क्षेत्र १०० चौरस फूट, म्हणजे उघडी जागा साडेबारा चौरस फूट हवी. चार बाय चार फुटांची सरकती खिडकी १६ चौरस फुटांची असली, तरी एक झडप दुसरीवर सरकते आणि हवेला निम्मीच, ८ चौरस फूट जागा मिळते. त्याच मापाची बिजागरीची खिडकी सुमारे ९० टक्के उघडते, म्हणजे १४ चौरस फुटांहून थोडी जास्त. माप तेच, पण एक खिडकी अपुरी आणि दुसरी पुरेशी. राजकोटला आवास योजनेतील ‘स्मार्ट घर-३’ या १,१७६ घरांच्या वसाहतीतही सरकत्या खिडक्यांऐवजी बिजागरीच्या, अर्धवट काचेच्या खिडक्यांची रचना निवडली गेली.

कूलर वापरणाऱ्यांसाठी ही गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. ती हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी नसेल तर खोलीत दमटपणा साठतो आणि घाम वाळत नाही. सगळ्या खिडक्या घट्ट बंद होणाऱ्या बसवल्या आणि कूलर तोच ठेवला, तर पैसे खर्च करूनही उकाडा वाढतो. स्वयंपाकघर तर कधीच पूर्ण बंद करू नका. गॅस किंवा चूल जळताना ताजी हवा आत येत राहिलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट: काच आणि चौकट

दुहेरी काचेची खिडकी वाईट नाही, पण ती कुठे उपयोगी पडते ते बघा. साध्या एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे ५.७ असते, १२ मिलिमीटर पोकळी असलेल्या दुहेरी काचेचे सुमारे २.८. आकडा जितका लहान, तितकी उष्णता कमी वाहते. हा फायदा खोली बंद असताना, म्हणजे रोज बरेच तास एसी चालताना मिळतो. खिडक्या उघड्या ठेवून कूलरवर राहणाऱ्या घरात तो जवळजवळ मिळत नाही.

एसीच्या खोलीसाठी दुकानात हे विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या:

१. काचेचे एसएचजीसी किती? उन्हाची किती उष्णता आत येते, ते हा आकडा सांगतो. साधी पारदर्शक काच ०.८ च्या आसपास असते. पश्चिमेला ०.४ किंवा कमी चांगले.
२. उजेड किती टक्के आत येतो? फार गडद काच घेतली तर दिवसाही दिवा लावावा लागतो आणि बचत तिथेच जाते.
३. चौकट कशाची? ॲल्युमिनियम टिकाऊ आहे, पण उष्णता लवकर आत नेते. यूपीव्हीसी आणि लाकूड कमी नेतात. यूपीव्हीसी उन्हात पिवळे पडू नये यासाठीची हमी मागा.
४. बसवल्यावर भिंत आणि चौकट यांतली फट कोण भरणार? महागडी काच आणि उघडी फट, हा सौदा तोट्याचा आहे.
५. काचेच्या सीलची हमी किती वर्षांची?

साध्या काचेवर उष्णता रोखणारी फिल्म हा स्वस्त पर्याय आहे. पण दुहेरी काचेवर ती चिकटवण्याआधी विक्रेत्याला विचारा. काच असमान तापली तर तडकू शकते.

भाड्याचे घर, आणि परकोट्यातले घर

सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडी भागातले गलाई कारागीर देशभरच्या सराफ बाजारांत काम करतात आणि बहुतेक जण बाजाराजवळच्या भाड्याच्या खोलीत राहतात. मालकाची चौकट बदलणे त्यांच्या हातात नसते. अशांनी बाहेरून बांबूचा पडदा, फटींना चिकटपट्टीचे रबर आणि समोरासमोरची खिडकी उघडी ठेवणे एवढे करावे. खोली सोडताना पडदा सोबत नेता येतो.

जयपूरच्या परकोट्यात स्वतःचे घर असेल तर आणखी एक काळजी घ्या. हे जुने शहर २०१९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बाजाराच्या तोंडाची खिडकी, जाळी किंवा झरोका बदलण्याआधी महापालिकेत परवानगीबद्दल लेखी विचारा. शक्य असेल तर जुनी जाळी तशीच ठेवून आतल्या बाजूने नवी झडप बसवा.

निगा: वर्षातून चार कामे

• आंधीनंतर: मे-जूनच्या धुळीच्या वादळांनंतर सरकत्या खिडकीची खाच कोरड्या ब्रशने साफ करा. धूळ साठली की झडप नीट बंद होत नाही आणि फट राहते.
• पावसाआधी: खालच्या चौकटीतली पाणी जाण्याची बारीक भोके काडीने मोकळी करा. ती बुजली तर पाणी आत उलटते.
• दिवाळीच्या सफाईत: बिजागऱ्यांना तेल द्या, कडक झालेले रबर बदला, सुटलेले सिलिकॉन पुन्हा भरा. यूपीव्हीसीला थिनर किंवा तारेची घासणी लावू नका. साबणाचे पाणी पुरते.
• थंडीत: पहाटे दुहेरी काचेच्या दोन तावदानांच्या मध्ये धुके दिसले, तर सील गेले आहे. ते पुसून जाणार नाही. हमीचा कागद काढा आणि काच बदलून मागा.

नवे घर बांधणाऱ्या लाभार्थ्यासाठी

घर बांधणाऱ्यासाठी हप्त्यांच्या पैशांत महाग काच बसत नाही, आणि बसवण्याची गरजही नाही. छज्जा मात्र लिंटलसोबतच ओतावा लागतो. नंतर जोडायचा तर भिंत फोडावी लागते आणि त्या खर्चासाठी पुन्हा हप्ता मिळत नाही. म्हणून भिंती खिडकीच्या उंचीवर येण्याआधी मिस्त्रीला तीन गोष्टी सांगा: दक्षिणेला छज्जा हवा, पश्चिमेला खिडकी लहान हवी, आणि समोरासमोर दोन खिडक्या बिजागरीच्या हव्यात. पैसे कमी पडले तर काच पुढच्या वर्षी लावता येते. तोवर लाकडी किंवा पत्र्याची झडप चालेल.